वापरलेलं वाण

वाण कधी वापरलेलं देत नाहीत. वाटी असो, रुमाल असो, नाहीतर प्लास्टिकची चाळणी असो, ती कोरी असते, तळाला दुकानाचं लेबल चिकटलेलं असतं. हे मला आईने शिकवलं नाही, सासूनेही नाही. शिकवावं लागतच नाही. तरीही सात-आठ वर्षांपूर्वी, लंडनमधल्या हॅरोच्या एका हॉलमध्ये, मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, मी बारा लहान मुलांच्या हातात जुन्या कपड्यांच्या पिशव्या ठेवल्या आणि माइकवरून जाहीर केलं, "हे आमच्याकडून आफ्रिकेला वाण!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या.

तेव्हा मी बासष्टची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. मंडळाची सांस्कृतिक सचिव. गळ्यात चष्म्याची साखळी, पैठणीला शोभेलसा क्लिपबोर्ड हातात. तो क्लिपबोर्ड हातात आला की माझा मेंदू बाहेर पार्किंगमध्ये जाऊन बसायचा.

त्याच हॉलमध्ये शनिवारी सकाळी एक वर्ग भरायचा. घाना, केनिया, नायजेरिया, सोमालिया, काँगो, कुठून कुठून इथे आलेल्या लोकांची मुलं तिथे एकत्र शिकायची. आपला खंड म्हणजे नुसती भूक आणि बंदुका नव्हे, हे इथली शाळा सांगत नाही, तेव्हा आपण सांगू. आणि आई-बापांची आपसातली भांडणं मुलांच्या दप्तरात येऊ देणार नाही, असा त्या वर्गाचा बाणा. चालवायच्या एक निवृत्त मिडवाइफ, मूळच्या घानाच्या. दुपारी हॉल आमचा. त्या खुर्च्या रचून ठेवायच्या, आम्ही त्या मांडायचो. सहा वर्षं आम्ही कॉरिडॉरमध्ये एकमेकींना बघून हसत होतो आणि सहा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही की बाई, तुम्ही इथे करता काय. मला वाटायचं, चर्चचं काहीतरी असेल.

त्या वर्षी समितीत टूम निघाली, हळदीकुंकवाला काहीतरी समाजोपयोगी करू या. मीच म्हटलं, "घरोघरी जुने कपडे पडलेत, आफ्रिकेला देऊ." आफ्रिकेत कुठे, असं एकीनेही विचारलं नाही. पन्नासच्या वर देश, पण आमच्या लेखी तो एकच पत्ता. पाठवायची कटकटही नव्हती, कारण आफ्रिका शनिवारी सकाळी आमच्याच हॉलमध्ये हजर असायची.

मी बाईंना कॉरिडॉरमध्ये गाठलं. "आमचं फंक्शन आहे, तुम्ही मुलांना घेऊन या ना. आम्हाला आफ्रिकेसाठी काहीतरी करायचंय."

त्यांचा चेहरा खुलला. "मुलं एक नकाशा करताहेत. स्टेजवर दाखवला तर चालेल? दहा मिनिटं पुरतील."

"दहा काय, पंधरा घ्या!" मी म्हटलं. तोंडाने उदार व्हायला मला कधीच काही लागलं नाही.

त्या नकाशाबद्दल मला नंतर कळलं ते आधी सांगते. प्रत्येक मुलाने आपला सोडून दुसऱ्याचा देश घ्यायचा, तिथलं काहीतरी शोधायचं आणि रंगवायचं, अशी बाईंची अट होती. कुणी मोरोक्कोतली सूर्यावर चालणारी वीज काढली, कुणी दक्षिण आफ्रिकेतली दुर्बीण, कुणी इथिओपियातली शहरी रेल्वे. नऊ वर्षांच्या एका मुलीने रवांडा घेतला आणि दवाखान्यांना रक्त पोचवणारं छोटं विमान काढलं. ती काँगोच्या घरातली. त्या घरात रवांडाचं नाव काढलेलं चालत नाही, त्यांची माणसं गेलीत या दोन देशांमधल्या लढायांत. बाई तिच्या वडिलांकडे तीनदा गेल्या होत्या तेव्हा कुठे ते "बरं, काढू दे" म्हणाले. ही मुलगी हे चित्र घेऊन चारचौघांत उभी राहणार, म्हणून बाई येणार होत्या. आमच्या तिळगुळासाठी नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी बारा मुलं इस्त्रीच्या कपड्यांत कडेच्या रांगेत बसली. गुंडाळलेला नकाशा चार मांड्यांवर आडवा. आमच्यातली एक करंडा घेऊन रांगेतून कुंकू लावत आली, बाईंपाशी अडखळली आणि मला लांबूनच विचारलं, "यांना लावायचं का गं?" बाईंनी स्वतःच कपाळ पुढे केलं. करंडावालीचा थोरला ह्याच बाईंच्या हातांवर जन्मला होता. तिला आठवलं नाही. बाईंना आठवत होतं.

मग उखाणे. पंधरा मिनिटं ठेवले होते, चालले पाऊण तास. मेडनहेडहून आलेल्या एका नव्या सुनेने नवऱ्याचं नाव घेतलं ते त्याच्या कंपनीसकट, त्यावर तिच्या जावेला चेव आला, मग सासू काय मागे राहते! मी घड्याळ पाहिलं. चहा थंड होणार, सहाला हॉल रिकामा करायचा. मी क्लिपबोर्डवर 'मुलांचा नकाशा' या ओळीवर काट मारली. इतकी सरळ काट मी आयुष्यात दुसरी मारली नसेल.

काट मारली ती मारली, वर मुलांना स्टेजवर बोलावलं. त्यांना वाटलं आपली पाळी आली, म्हणून ती नकाशा घेऊनच आली. तो मी हसत हसत बाजूला टेकवायला लावला आणि पिशव्या वाटल्या. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या बायकांसाठी स्टीलच्या वाट्या रचल्या होत्या. कोऱ्या.

काँगोच्या मुलीने पिशवीत हात घालून एक कार्डिगन काढला. कोपरं झिजलेली, आणि खिशातून कुणीतरी नाक पुसलेला टिश्यू पडला. आमच्या लहानपणी दारावर येणाऱ्या बोहारणीने भांडं द्यायच्या आधी तो कार्डिगन उजेडात धरला असता आणि माझ्या अंगावर परत फेकला असता.

मुलीने स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "हे कोणासाठी आहे?"

मी माइकसकट वाकले. "तुझ्या देशातल्या गरीब मुलांसाठी, बेटा."

"मी पिनरला राहते," ती म्हणाली.

हॉल हसला. पिनर इथून पाच मिनिटांवर. मीही हसले. मला ते गोड वाटलं! आज त्या बाईला, म्हणजे मला, हाताला धरून स्टेजवरून खाली ओढावंसं वाटतं.

बाई स्टेजवर आल्या. त्यांनी मुलांकरवी बाराही पिशव्या बारा खुर्च्यांवर नीट ठेवून घेतल्या, नकाशा उचलला आणि सगळ्यांना घेऊन गेल्या. मला वाटलं, विसरल्या. चार पिशव्या दोन्ही हातांत घेऊन मी पार्किंगपर्यंत धावले, "मॅडम, मॅडम!" करत. गाडी निघून गेली म्हणून वाचले. कोण वाचलं, ते विचारू नका.

रात्री जेवणं झाल्यावर मी मंडळाच्या फेसबुक पानावर फोटो टाकला. मुलं, पिशव्या आणि मध्ये दात दाखवणारी मी. खाली इंग्रजीत लिहिलं, 'आफ्रिकेतल्या गरजू मुलांना आमचा मदतीचा हात'. आपल्याबद्दल कुणी 'इंडिया म्हणजे गारुडी आणि झोपडपट्ट्या' म्हटलं की कौन्सिलरपर्यंत पत्रं धाडणारी मी. चार पत्रांचे मसुदे तर माझेच.

पहिली खडसावणी नातीने तिच्या मोडक्या मराठीत केली. "आजी, ते मुलगी माझ्या वर्गात आहे. ती मॅथ्समध्ये टॉप आहे. तू तिला गरजू का लिहिलीस?"

"अगं, तसं नाही, म्हणजे एकंदरीत..."

"एकंदरीत म्हणजे काय?"

मी तिला अभ्यासाला पिटाळलं. फोटो मात्र काढून टाकला नाही. दोनशे लाइक्स आले होते.

तीन आठवड्यांनी बाई माझ्या दारात उभ्या. आत आल्या, चहा नको म्हणाल्या, कोट काढला नाही. फोटो पालकांच्या ग्रुपवर फिरला होता. बारांतली पाच मुलं यायची बंद झाली होती. हॉलवाल्यांचा नियम किमान दहा मुलांचा. त्याखाली संख्या राहिली तर ईस्टरनंतर शनिवारची सकाळ योगावाल्यांना.

"पहिली ती मुलगी गेली," बाई म्हणाल्या. "तिचे वडील म्हणाले, तुम्ही माझ्या मुलीला ताठ उभं राहायला शिकवणार होतात. तिथे तिच्या हातात लोकांचे फाटके कपडे दिलेत. मी काय उत्तर देऊ?"

मी म्हणणार होते, हेतू चांगला होता. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. त्यांचं माझ्याकडे बघणं असं होतं की ते मी गिळलं.

"फोटो काढून टाका," त्या म्हणाल्या, "आणि जिथे तो होता तिथेच लिहा की ही मुलं कोण आहेत आणि काय दाखवायला आली होती. मग मी त्या पाच घरी जाऊ शकेन."

फोटो मी त्यांच्यादेखत काढून टाकला. बाकीचं समितीत मांडलं.

अध्यक्षांनी मान मागे टाकली. "अहो ताई, आपण दिलंय, घेतलेलं नाही. माफी कसली?"

"दिलं काय? नाक पुसलेला टिश्यू!"

"एका पिशवीत असेल."

"आणि मुलांना बोलू दिलं नाही, त्याचं काय?"

"तो क्लिपबोर्ड कोणाच्या हातात होता?" ते थंडपणे म्हणाले. बरोबरच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

करंडावाली म्हणाली, "त्यांना राग लवकरच येतो बाई." मी तिला विचारलं, "तुझ्या मुलाच्या मुंजीत त्याच्या हातात कुणी असा कार्डिगन दिला असता तर तुला किती वेळाने आला असता?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ते बरंच झालं.

शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. फेसबुकवर काही नको, इंग्रजीत तर नकोच, उगाच फिरेल, मंडळाचं नाव खराब होईल. आपल्या गुढीपाडव्याच्या अंकात टाकू, मराठीत, तुम्हीच लिहा, तुमचं मराठी छान आहे.

तुमचं मराठी छान आहे! एवढ्यावर मी विरघळले. भांडायला गेलेली मी मान डोलावून घरी आले. मूर्खपणा एकदा केला तर त्याला चूक म्हणता येतं, हा दुसरा होता.

आठवडाभर मी तो माफीनामा लिहिला. तीन खर्डे. स्वतःच्याच वाक्यांवर माझे डोळे भरून यायचे आणि मी ते पुसून आणखी एक विशेषण घालायचे. त्यात नकाशा होता, रक्त नेणारं विमान होतं, कोऱ्या वाट्या होत्या. संपादकांनी विशेषणं गाळली, बाकी शब्दन् शब्द ठेवला. अंक आला तेव्हा तो पुरणपोळीच्या पाककृतीसमोरच्या पानावर होता. मी तो छातीशी धरून शनिवारी सकाळी हॉलवर गेले. वर्ग सुटत होता. मी मोजली, मुलं सातच होती. त्या दिवसानंतर फक्त दोन शनिवार उरले होते.

बाईंनी पान उलटसुलट पाहिलं. "हे काय आहे?"

मी उभ्या उभ्या वाचून दाखवलं, एकेका वाक्याचं इंग्रजी करत. आवाज जरा कापवलासुद्धा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, अंकाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. त्या इंग्रजीत बोलल्या. मी मराठी केलंय, पण एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही.

"फोटोखाली तुम्ही इंग्रजीत लिहिलंत, कारण तो सगळ्यांनी पाहावा असं तुम्हाला वाटत होतं. हे तुम्ही तुमच्याच लोकांसाठी लिहिलंय. त्या मुलीच्या वडिलांना मी यातलं काय दाखवू?"