अक्का ग्रुपवर तशाच लिहायच्या

सुनंदाक्का गेल्याचं वस्तीला ग्रुपवरच कळलं. दवाखान्यातून मीच दोन ओळी टाकल्या आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यातल्या निम्म्यांनी गेल्या हंगामात याच ग्रुपवर लिहिलं होतं, ही बाई अंगणवाडीतून काढा. नावं वाचली आणि फोन पालथा ठेवला.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. शिरूर कासारजवळच्या आमच्या वस्तीवर त्या अंगणवाडी सेविका, मी मदतनीस. दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते, लहानगी आजीकडे राहतात, आणि आईबापांना खबर मिळते ती अक्कांच्या ग्रुपवरून. समोर अक्का म्हणजे कुणाच्याही लेकराचं नाक स्वतःच्या पदरानं पुसणारी बाई. फोनवर मात्र... 'प्रीती. वजन घटलं. घरात लक्ष नाही.' बस. उसाच्या फडावर हे सगळ्या टोळीनं वाचलं. प्रीतीच्या आईला, कविताला, बायका टोचून बोलल्या. तिनं तिथूनच फोन लावला. "मी हितं मजा मारायला आले का? गावी आले की पंचायतीत उभी करते तुमाला, काढूनच टाकते." मग ग्रुपवर बाकीचेही सुरू झाले.

मी म्हटलं, "अक्का, जरा गोड लिवा की. एखादं फूल टाकावं."

"फुलानं वजन वाढतं का गं?"

दीर गेल्यापासून त्यांचं घर त्या मानधनावर चालायचं. मला धास्ती होती. तुमचा वेळ जातो म्हणत मी ग्रुपचं काम माझ्याकडे घेतलं. त्या सांगायच्या एक, मी लिहायची दुसरं... 'सगळी बाळं मजेत आहेत', फुलांसकट. 'अक्का सुधारल्या' असंही कुणीतरी लिहिलं. कविता रोज सासूला फोन करून लेकरू जेवलं का विचारायची, निर्धास्त होऊन तिनं तेही थांबवलं. पुढच्या वजनाला प्रीती काट्याच्या झोळीत गप्प पडून राहिली. काटा आठ किलोच्या खाली.

अक्कांनी माझ्या हातून फोन घेतला आणि सगळं वाचलं. "मला चांगलं दिसायचंय, असं तुला कावून वाटलं?" मग एका बोटानं लिहीत बसल्या. 'प्रीती. आठाच्या खाली. मागचे निरोप खोटे. कविता, ये.'

कविता तिसऱ्या दिवशी आली ती भांडायच्या तयारीनं. अक्का प्रीतीला मांडीवर घेऊन चमच्यानं पेज भरवत होत्या. ते बघून कविता उंबऱ्यातच बसली. खोटं कुणी लिहिलं हे अक्कांनी सांगितलं नाही. मीही गप्प राहिले.

यंदा टोळीचा ट्रक भरताना कविता माझ्याकडे आली. नवी सेविका अजून आलेली नाही.

"वैनी, ग्रुपवर आता तुमी लिवणार?"

"हो."

"अक्कावानी लिवा. गोड नको."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "गेल्या साली ते गोड मीच लिवलेलं."

"ठाव हाय. अक्का कवा फुलं टाकायच्या?" एवढं बोलून ती ट्रकमध्ये चढली.

सोमवारी प्रीतीला झोळीत घातलं. काटा हलत हलत थांबला. आकडा लिहिला, सवयीनं बोट फुलाकडे गेलं, ते मागं घेतलं. 'प्रीती. दोनशे ग्रॅम घटलं. आजीशी बोलले.' पाठवून दिलं. फडावरून अजून उत्तर नाही.