रेघेवरचे दहा पाइप

भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन लोंबतं सोडतो, त्यावरून त्याला सगळे ओळंबा म्हणत. खरं नाव फक्त मतदार यादीत उरलं होतं. चाळीस वर्षं त्याने परांच्या बांधल्या. इमारतीला बाहेरून लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करायचा, गवंडी-रंगारी त्यावर चढून काम करणार, काम संपलं की सांगाडा उतरवून घरी जायचं. म्हणजे आयुष्यभर जे बांधलं, त्यातलं आज काहीच उभं नाही. त्याचं त्याला वाईट वाटत नसे. जोवर उभं होतं तोवर त्यावरून कुणी पडलं नाही, एवढंच तो सांगायचा.

उभा पाइप जरासा कलला तरी तो अर्धी परांची सोडवून पुन्हा बांधायला लावी. गडी वैतागत.

“एवढंसं कुणाला दिसतंय?”

“पाइपाला दिसतंय,” तो म्हणायचा.

घरी माणसं मोजकी. बायको, दवाखान्यात परिचारिका असलेली मुलगी, आणि बारा वर्षांनी धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा या भावाला त्यानेच वाढवलं. भाऊ पोस्टात लागला, वेगळा राहू लागला, पण रविवारी जेवायला इथेच असायचा. पुतणी लहान असताना तिला सायकलवर पुढे बसवून गावभर फिरवणारा हाच काका.

मागच्या निवडणुकीनंतर ते बिनसलं. भाऊ सत्तेतल्या पक्षाचा, मुलगी विरोधातल्या. एका रविवारी ताटावरच जुंपली. मुलगी म्हणाली, “काका, तुम्ही डोळे गहाण टाकलेत.” काका म्हणाला, “आणि तू अक्कल.” अर्धं जेवण टाकून तो उठला, तो रविवारी पुन्हा आलाच नाही. ओळंबा मध्ये बसला होता. दोघांचं ऐकताना दोघांचंही थोडं थोडं पटत होतं. कुणाला काय म्हणावं हे सुचेपर्यंत भाऊ जिना उतरून गेला होता.

त्यातच देशाला साठ वर्षं पुरी झाली.

सोहळा एकत्र करायला कुणी तयार होईना. शेवटी नगरपालिकेने मैदानाच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. अर्धं यांचं, अर्धं त्यांचं. वेळ दोघांनाही सकाळची हवी, दुपारच्या उन्हातला देश कुणालाच नको. म्हणून दोन्ही सोहळे एकाच वेळी ठरले.

आधी भाऊ आला. दारातच उभा राहून म्हणाला, “दादा, आमचा मंच तूच बांधायचास. आणि त्या दिवशी पहिल्या रांगेत बसायचंस. माझं भाषण आहे.”

दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, “बाबा, आमचाही तुम्हीच बांधा. मी गाणार आहे. समोर बसा, म्हणजे मला धीर येईल.”

मंचाला तो दोघांनाही हो म्हणाला. बसण्याचं दोघांनाही “बघू” म्हणाला.

“बघू काय बघू?” बायको म्हणाली. “एक माणूस दोन खुर्च्यांवर बसतो का? भावजी तरी दुरावणार नाहीतर पोरगी तरी. आत्ताच ठरवा.”

ते त्याला ठरवता येईना. देशाच्या पंचविसाव्या वर्षी याच मैदानात त्यानेच मंच बांधला होता. तेव्हा एकच होता. भावाला खांद्यावर घेऊन त्याने झेंडा दाखवला होता आणि ऊर भरून आला होता. तेव्हा लोक खरंच एक होते, की आपण तरुण होतो म्हणून तसं वाटलं? यावर त्याने दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी तो पाइप मोजायला गेला.

एका मंचाला उभे पाइप साठ. दहा-दहाच्या सहा रांगा. दोन मंचांना एकशे वीस. गोदामात निघाले एकशे बारा. ऐन सोहळ्याच्या दिवसांत बाहेरून मिळण्याची आशा नव्हती. अशा वेळी परांचीवाला जे करतो तेच त्याने केलं. दोन मंच पाठीला पाठ लावून घेतले आणि मधली रांग दोघांत एक ठेवली. दहा पाइप वाचले, वर दोन शिल्लक. शिवाय पाठीला पाठ असली की दोन्ही जास्त घट्ट बसतात. ती रांग त्याने चुन्याच्या रेघेवर, अगदी सरळ सुतात लावली. गड्यांनी क्लॅम्प आवळले. त्याने स्वतः पाना घेऊन एकूण एक पुन्हा आवळून पाहिला. मग पायरीवर बसून चहा प्यायला. काम बरं झालं होतं.

संध्याकाळी दोन्ही समित्या आल्या आणि गहजब झाला.

“हे काय? आमचा मंच त्यांच्यावर टेकलाय!”

“तुमचा आमच्यावर!”

“आत्ताच्या आत्ता वेगळे करा.”

ओळंबा म्हणाला, “करतो. चार माणसं, आठ तास. पण पाइप आठ कमी आहेत. एक मंच आखूड होईल. कुणाचा करू?”

दोन्ही समित्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

“आणि मधली रांग सोडताना एक मंच आधी पुरता उतरवावा लागेल. आधी कुणाचा उतरवू? दोघांनी मिळून लिहून द्या.”

दोघांनी मिळून काही लिहायचं, हेच तर त्या गावात होत नव्हतं. तासभर आरडाओरडा झाला. अखेर मध्ये एक जाड पडदा टांगला गेला, आणि पडद्याचा रंग कोणता यावर आणखी अर्धा तास गेला.

भावाने त्याला बाजूला घेतलं. “दादा, मुद्दाम केलंस ना? पोरीसाठी?”

मुलगी घरी आल्याआल्या म्हणाली, “बाबा, खरं सांगा. काकांनीच करायला लावलं ना हे?”

“पाइप कमी होते,” तो दोघांना म्हणाला. खरंच कमी होते. पण जेवताना त्याला आठवलं, मंच दोन-दोन हात आखूड केले असते तरी भागलं असतं. चाळीस वर्षं हेच काम करून ही साधी गोष्ट आपल्या डोक्यात आली नाही? की आली होती आणि आपण बाजूला सारली? घास हातात धरून तो विचार करत राहिला.

सोहळ्याच्या सकाळी तो कुठल्याच पहिल्या रांगेत बसला नाही. मंचावर वजन असेपर्यंत बांधणाऱ्याने खाली थांबायचं, हा त्याचा जुना नेम. पाना घेऊन तो फळ्यांखाली शिरला. पण इतक्या वर्षांत प्रथमच तो नेमाच्या आड दडल्यासारखा शिरला होता, आणि हे त्याला कळत होतं.

खाली उंची साडेचार फूट. डावीकडे भावाचं भाषण, उजवीकडे मुलीचा आवाज. दोन्ही भोंगे एकमेकांवर चढलेले. भाऊ “आपला देश” म्हणाला एवढं समजलं, पुढचं गाण्यात बुडालं. मुलीने वरचा सूर चांगला लावला, तो टाळ्यांत बुडाला. टाळ्या भावाला होत्या.

मग राष्ट्रगीत. आधी डावीकडे सुरू झालं. तो कमरेत वाकून, जमेल तितका ताठ उभा राहिला. दोन ओळी झाल्या आणि उजवीकडे पहिल्यापासून सुरू झालं. ओठ हलवायचे तर कुठल्या ओळीवर? त्याने तोंड मिटून घेतलं. डावीकडचं संपलं, वर खुर्च्या सरकल्या. आता हललं तर चालेल का? उजवीकडचं चालूच होतं. तो तसाच वाकून राहिला. डोळ्यांत पाणी आलं. ते देशासाठी की कमरेसाठी, हे त्याला सांगता आलं नसतं.

दुपारी तो घरी जेवायला बसला. समोर मुलगी, तोंड फुगवून. तेवढ्यात भाऊ आला. बायकोने त्याच्याकडे न बघताच ताट मांडलं. “बसा भावजी. भांडायचं तर खाऊन भांडा.”

भाऊ उभ्याउभ्याच म्हणाला, “दादा, खुर्ची रिकामी होती.”

“आमच्याकडचीही,” मुलगी म्हणाली.

“मी खाली होतो.”

“खाली कशाला? मंच काय पळून जाणार होता?”

“तेच म्हणते मी, काका. माणसाने एकदा ठरवावं. हे नेहमी असंच करतात.”

“लहानपणापासून!” काका बसला आणि ताट पुढे ओढलं. “मी आणि शेजारचा मुलगा भांडलो की हा दोघांनाही पेरू द्यायचा. दोघांनाही! न्याय कधी केला नाही.”

“आणि ती मधली रांग? मुद्दामच केली असणार.”

“शंभर टक्के मुद्दाम.”

ओळंबा एकाकडून दुसरीकडे बघत राहिला. वर्षभरात या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, ते त्याच्या चुकीवर. याने बरं वाटून घ्यावं की वाईट, ते त्याला कळेना. पुढच्या रविवारी भाऊ येईल का, हे विचारावंसं वाटत होतं. पण विचारलं आणि विषय बदलला तर?

“केली असेल मुद्दाम,” तो म्हणाला. “आणखी काय काय चुकलं, तेही सांगा.”

दोघं एकदमच बोलायला लागले.