पहिल्या कागदावरचे दोन

मी गावात उपासाची सून म्हणून प्रसिद्ध होते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आणि कुणाचं लग्न निघालं की नेमका त्याच दिवशी आणखी एखादा उपास. सासू चारचौघींत कौतुकाने सांगायची, "मन्ही सून भलती देवभोळी शे." खरं कारण एवढंच होतं की पोटात काही गेलं नाही तर खाली काही येत नव्हतं. देव बिचारा मधल्यामध्ये मोठा झाला.

दुसऱ्या बाळंतपणात मी फाटले होते. वरचे टाके भरून आले, पण शौच धरून ठेवणारा आतला स्नायू तुटलेलाच राहिला. कळ आली की दारापर्यंत पोचायच्या आत सगळं होऊन जायचं. दिवसातून दोनदा, तीनदा, अशी नऊ वर्षं. जुन्या साड्यांची फडकी, गडद रंगाचे परकर, कुठेही गेलं तरी दाराजवळची जागा. सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा आमच्या गावापासून दोन कोसांवर भरते. तिथे देशभरातून लोक येतात, मी नऊ वर्षांत एकदाही गेले नाही. नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो चांगला माणूस आहे, म्हणजे काही बोलायचा नाही. चांगुलपणाची आमच्याकडे एवढीच व्याख्या आहे.

शेवटी शहाद्याच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की यावर सुरतेला इलाज आहे. कमरेखाली, माकडहाडाच्या वर, एका नसेजवळ बारीक तार घालतात. तारेला एक छोटा डबा जोडतात, तो नसेला हलके झटके देत राहतो आणि धरून ठेवायची ताकद परत येते. आधी पंधरा दिवस डबा बाहेर, कमरेला बांधून बघायचा. गुण आला तर तसाच एक डबा कायमचा कातडीखाली बसवायचा.

सुरतेला नेलं माझ्या जेठांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने. केळीच्या व्यापारामुळे त्यांची सुरतेत ऊठबस, गुजराती चांगली, गाडी त्यांची. त्यांनी मनापासून केलं, हे मला लिहिलंच पाहिजे. पण आमच्यात सून जेठासमोर पदर नाकापर्यंत ओढते आणि तोंडातून शब्द काढत नाही. मी लोणखेड्याच्या कॉलेजात बी.ए. झालेली, पण ती पदवी उंबऱ्याबाहेर ठेवूनच घरात आले होते. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळा होतं? जेठांनी मागे वळून माझ्या पदराकडे पाहिलं, आणि स्वतःच सांगून टाकलं की होतं कधीमधी.

डॉक्टरांनी एक छापील कागद दिला. तार घालण्याआधीचे पंधरा दिवस, रोज किती वेळा कपडे खराब झाले ते रकान्यात लिहायचं. आमच्या घरात कागदपत्रं जेठांकडे असतात. सातबारा, विम्याची पावती, पोरांचे दाखले, सगळं त्यांच्या प्लॅस्टिकच्या फायलीत. संध्याकाळी ओट्यावर चष्मा लावून ते एकेक कागद वाचतात. माझाही वाचणार होते.

मी पंधरा दिवसांत मिळून दोन लिहिले. खरा आकडा पस्तीसच्या पुढे होता. शून्यच लिहिणार होते, पण मग सुरतेला कशाला नेतील, म्हणून दोन. तेवढेही लिहिताना कान तापले.

मग तार घातली. तिसऱ्या दिवसापासून फरक पडला. कळ यायची आणि थांबायची. माझ्या सांगण्यावरून थांबायची! त्याच पंधरवड्यात भाऊबंदात एका म्हाताऱ्याचं उत्तरकार्य होतं. मी मांडवाच्या अगदी मध्यभागी बसले, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी पोटभर जेवले आणि पंगत उठेपर्यंत हलले नाही. सगळे तोंड पाडून बसलेले आणि मला आनंदाने रडू येत होतं. बाया म्हणाल्या, किती माया होती हिची म्हाताऱ्यावर. त्या म्हाताऱ्याशी मी उभ्या जन्मात बोलले नव्हते.

दुसऱ्या कागदावर मी खरं लिहिलं. पंधरा दिवसांत तीन वेळा. पस्तीसवरून तीन! हे तीन मला लपवावेसे वाटले नाहीत, जेठांनी वाचले तरी चालतील असं वाटलं. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बी.ए. झाले, पण एवढा हिशोब जमला नाही.

डॉक्टरांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. म्हणाले, आधी दोन, आता तीन. काही जणांना या मशीनचा गुण येत नाही, कायमचा डबा बसवण्यात अर्थ नाही. जेठांचा चेहरा पडला. त्यांनी दोनदा विचारलं, दुसरं काही करता येईल का. मला पदराआडून एक वाक्य बोलायचं होतं. सोबत आलेला नवरा बाहेर बाकावर बसला होता आणि आत माझ्या तोंडात जीभ होती की नाही, देव जाणे.

तार काढायला पडद्यामागे नेलं. नर्स नवापूरकडची निघाली. हळूच म्हणाली, "ताई, खरंच काहीच फरक पडना नही का? सांगा, मी डॉक्टरले सांगस." पडद्याखालून पलीकडे जेठांच्या चपला दिसत होत्या. मी म्हणाले, नही. तार सहज निघाली, दुखलंसुद्धा नाही. त्या "नही"ची मला आजही चीड येते. जेठांची नाही, डॉक्टरांची नाही, माझी.

चार वर्षांनी जेठांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आणि तिचंही माझ्यासारखंच झालं. शहाद्याच्या बाईंनी पुन्हा सुरतेचं नाव काढलं. जेठ ओट्यावर म्हणाले, "मशीनना काही उपेग नही. आपला घरमा अनुभव शे." तो अनुभव आत भाकरी थापत होता. पोरगी चुलीजवळ बसून कोरड्या डोळ्यांनी ऐकत होती. तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी बाहेर गेले आणि त्यांच्याकडे सरळ बघून म्हणाले, "दादा, मशीन खोटं नही व्हतं. मन्हा पहिला कागद खोटा व्हता. दोन नही, पस्तीस."

ते माझ्याकडे बघू शकले नाहीत. चपला घालून शेतात निघून गेले. पण पुढच्या आठवड्यात पोरीला सुरतेला नेलं. तिचे कागद मी शेजारी बसून भरून घेतले, एकही आकडा चोरू दिला नाही. तिच्या कातडीखाली आता डबा आहे. ती जत्रेत फिरून आली, मला बांगड्या घेऊन आली.

माझं नाव मात्र कुणी काढलं नाही. शेवटी पोरीनेच एका संध्याकाळी बापाजवळ विषय काढला, काकूलाही परत नेऊ या. जेठ अगदी मायेने म्हणाले, "इतला वरीस निंघी गयात. आते तिले कसाले तरास देवाना?"

या वेळी मी गप्प बसणार नव्हते. ओट्याकडे निघालेच होते, पण मधेच कळ आली आणि मला न्हाणीकडे पळावं लागलं.