पांढरं पडलेलं समुद्रफूल

आटगावच्या ज्या घरात मी राहायचो, त्या घराचे मालक जहाजावर नोकरीला होते. वर्षातले आठ-नऊ महिने ते समुद्रात असत आणि काकू मुलीला घेऊन नाशिकला माहेरी. घर बंद राहू नये आणि हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीकडे कोणीतरी बघावं, म्हणून त्यांनी मला मागची खोली दिली. मी शहापूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं होतं, एवढीच माझी लायकी. समुद्र मी तोवर एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत.

टाकीत दोन मासे होते आणि एक सी ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल. नाव फुलाचं असलं तरी तो प्राणी आहे. पायाने दगडाला धरून बसतो आणि बोटांसारखे कितीतरी हात पाण्यात हलवत राहतो. रंग फिकट तपकिरी. जाताना काका म्हणाले होते, "मासे मेले तर मेले. याला मात्र सांभाळ. सात वर्षं आहे तो माझ्याकडे."

मे महिन्यात परीक्षा संपल्यावर मी चार दिवस गावी, मुरबाडकडे गेलो. तेवढ्यात वादळी वारा सुटला, तारांवर झाड पडलं आणि आटगावला दोन दिवस वीज नव्हती. टाकी थंड ठेवणारं मशीन बंद पडलं. मी परत आलो तेव्हा पाणी हाताला कोमट लागत होतं आणि मासे जिवंत होते, पण समुद्रफूल पांढरंफेक झालं होतं.

वर्गात शिकलेलं आठवलं. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यावर हा जगतो. पाणी तापलं की शैवाल अंगातून निघून जातं. म्हणजे समोरचा प्राणी उपाशी होता. पुढे काय करायचं, ते मात्र पुस्तकात नव्हतं.

त्या दिवशी बाबांचा फोन आला, त्यांना सांगितलं.

"सावलीत ठेवलं असशील," बाबा म्हणाले. "झाडाखालचं रोप कसं पांढरं पडतं? ऊन दाखव त्याला."

मला ते लगेच पटलं. आमच्या घरात फिकट पान दिसलं की ऊन आणि खत, दोनच गोष्टी सुचतात. मी टाकीचा दिवा पूर्ण वाढवून बारा तास ठेवला. खिडकीचा पडदाही बाजूला सारला. खत म्हणून एक अख्खी कोलंबी त्याच्या तोंडावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तशीच बाहेर पडलेली होती, नुसती बुळबुळीत झालेली. समुद्रफूल आकसून लिंबाएवढं झालं होतं आणि त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

संध्याकाळी काकांचा मेसेज आला, "सगळं ठीक?" टाकीला एक निळा दिवाही आहे. त्यात पांढरं पडलेलं कळत नाही. मी तो लावला, फोटो काढला आणि पाठवला. "हो काका." त्यांनी अंगठा पाठवला.

त्यानंतर किती दिवस मी कोणाशी धड बोललो नाही, आठवत नाही. बोलायला होतं तरी कोण? घरात पंपाचा आवाज तेवढा असायचा. कॉलेज उघडल्यावर धीर करून आमच्या मॅडमना गाठलं. त्या प्रवेशाचे फॉर्म तपासत होत्या.

"दिवा किती तास लावतोस?"

"बारा."

"अरे, भाजलेल्याला उन्हात बसवलंस तू."

"आमच्याकडे रोप पांढरं पडलं की..."

"हे रोप नाही रे. उजेडावर जगणारं त्याच्या अंगातून निघून गेलंय. ते परत येईपर्यंत मंद दिवा, थोडे तास. घास तुझ्या नखाएवढा, तोही तिसऱ्या दिवशी. आणि सारखा हात घालू नकोस." मग त्यांनी विचारलं, "घरी अजून कोण आहे बघायला?"

"कोणी नाही, मॅडम."

त्या पुन्हा फॉर्मकडे वळल्या.

जुलैत गावी लावणी सुरू झाली. पुन्हा वीज गेली तर काय, या भीतीने मी गेलो नाही. भावाने बांधावरून फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. वहिनी म्हणाली, "आमी हितं चिखलात, नि भावजी फुलाला कोलंबी भरवतात. आमाला कदी आणलीत का एक तरी?" सगळे हसले. मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र बांधावरच्या त्या हसण्यातून मी वजा झालो आहे, असं वाटत राहिलं. दर वर्षी त्या रांगेत वहिनीच्या शेजारी मी असायचो.

मग बाबांना पुन्हा फोन करून खरं सांगितलं, की उन्हाने ते जास्तच आजारी पडलं.

"मंग तवाच सांगायचं ना रे," बाबा म्हणाले. "मी काय समुद्रात शेती केलीय? त्या काकांना सांगितलंस का?"

"नाय."

"सांग."

मी दिवसा, साध्या उजेडात फोटो काढला. मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मी गावी गेलो होतो, मी दिवा वाढवला, आधीचा फोटो मी मुद्दाम निळ्या उजेडात काढला होता. पाठवला तर एकच टिक आली. जहाज कुठेतरी लांब असणार. तीन दिवसांनी उत्तर आलं.

"पाय दगडाला धरून आहे?"

"आहे."

"मग चालू ठेव. मला असेच फोटो पाठव."

रागावले की नाही, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

दर तिसऱ्या दिवशी मी कोलंबीचा तुकडा चिमट्याने पुढे करायचो. निरोगी समुद्रफुलाचे हात चिकट असतात, घास लागला की धरतात. याचे हात नुसते तुकड्याला लागायचे आणि तुकडा घसरून तळाशी जायचा. मी तो काढून टाकायचो. हे ऑगस्ट लागेपर्यंत चाललं.

एका रविवारी सकाळी तुकडा पुढे केला आणि चिमटा किंचित ओढला गेला. दोन हात चिकटले होते. मग तिसरा. तुकडा हळूहळू तोंडाकडे वळला. हातांच्या बुडाशी रंग होता, दूध जास्त झालेल्या चहासारखा, की मला तसा वाटला, सांगता येत नाही. कोणाला हाक मारावी म्हणून मी मान वळवली. मागे सोफा होता, त्यावर काकूंनी घातलेली चादर.

चिमट्याची पकड सैल केली, पण हात पाण्यातच ठेवला. पाणी हललं तर तो घास टाकून देईल, अशी भीती वाटत होती. घास पूर्ण आत जाईपर्यंत मी तसाच उभा राहिलो.