बोअर बुजवणारा

त्याला सगळे बूच म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथून ते कधी बाहेर पडलं नाही.

आमच्या भागात जमिनीखाली युरेनियम आहे का, असेल तर किती खोल, हे शोधायला एक कंपनी आली होती. ड्रिलिंगवाले मशीन लावून खोल बोअर पाडायचे, आतल्या खडकाचे लांब दांडके काढून पेट्यांत भरायचे आणि पुढच्या जागी जायचे. मागे उरायचं भोक. ते बुजवायचं काम बूचचं. मी त्याच कामावर गाडी चालवायचो, त्यामुळे त्याच्यासोबत माझे बरेच दिवस गेले. त्याच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं असं वाटायचं. दुसरं कुणी लिहीना, म्हणून मी बसलो.

ड्रिलिंगवाले त्याची थट्टा करायचे. "आम्ही खणायचं, ह्यानं बुजवायचं, आणि पगार दोघांनाही. नोकरी असावी तर अशी!"

बूच म्हणायचा, "तुम्ही पसारा करता, मी आवरतो. घरी बायकोला विचारा, जास्त काम कुणाला पडतं ते."

तो बोअरमध्ये तळापर्यंत पाइप सोडायचा आणि सिमेंटचं पातळ मिश्रण खालून वर भरत आणायचा. वरून नुसतं ओतलं तर मधे पोकळी राहते आणि एका थरातलं खराब पाणी दुसऱ्या थरातल्या चांगल्या पाण्यात शिरतं. शेवटी बाजूला जपून ठेवलेली वरची माती पुन्हा वर पसरायची. एवढं झालं की तो जागेभोवती एक चक्कर मारायचा. पाहुणे यायच्या आधी घर बघावं तसा.

वस्तीच्या टोकाला, बूचच्या थोरल्या बहिणीच्या घरासमोर एक बोअर पाडला, तेव्हा त्यातून पाणी आपोआप उसळून वर आलं. गार आणि चवीला छान. वस्तीची विहीर चढावर, लांब. आमचा फोरमन मोकळ्या मनाचा. त्याने बोअरच्या तोंडाला पाइप जोडून सरळ नळच बसवला. म्हणाला, "लोक आपल्याला एवढ्या शिव्या घालतात, जरा पाणीही पिऊ देत आपलं." पाणी तपासणीला गेलं होतं. अहवाल यायचा होता. पण चव अशी की कुणाच्या मनात शंका आली नाही, माझ्याही नाही.

नळानं जादू केली. आमची गाडी बघून दार लावून घेणाऱ्या बायका हात हलवायला लागल्या. बूचच्या या ताईची मुलगी तेव्हा तान्ह्या बाळाला घेऊन तिच्याकडेच राहत होती. बाळाला वरचं दूध असायचं, पावडरचं, आणि ते त्याच पाण्यात कालवायचे.

मग अहवाल आला. पाण्यात युरेनियम होतं, पिण्यालायक नव्हतं. कामाच्या प्रमुख, खडकांचा अभ्यास करणाऱ्या मॅडम, अहवाल वाचून उठल्याच. बूचला म्हणाल्या, "आजच्या आज बंद कर."

आम्ही सिमेंटच्या गोण्या उतरवत होतो, तेवढ्यात ताई हंडा घेऊन आली.

"काय रे, हे काय मांडलंयस?"

"ताई, बोअर बुजवायचाय. पाणी चांगलं नाही."

"काल चांगलं होतं."

"काल कळलं नव्हतं."

"नळ बसवताना दात काढून फोटो काढलेत, तेव्हा नव्हतं कळलं? खाली घबाड लागलंय तुम्हाला. आता आम्हाला इथून हुसकायचं, एवढंच."

"ताई, मी तुझा भाऊ आहे गं."

"म्हणूनच तुला पाठवलंय त्यांनी. दुसरा कुणी आला असता तर दगड घातला असता मी." आणि ती हंडा उपडा घालून नळासमोर त्याच्यावरच बसली.

फोरमन म्हणाला, पोलिसांना बोलावू. बूचनं खांद्यावरची गोणी खाली ठेवली. "आज मी जबरदस्तीनं बुजवलं, तर उद्या ती दुसऱ्या एखाद्या उघड्या बोअरमधून पाणी काढेल, आणि मला सांगणारही नाही. बाळाच्या पोटात तेच जाणार." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडमना घेऊन ये."

मॅडम आल्या आणि ताईच्या पायरीवर बसल्या. "अहवाल यायच्या आधी नळ बसवायलाच नको होता. चूक आमची आहे." फोरमन बुटांकडे बघत राहिला.

"चूक म्हणालात, सुटलात. बाळाचं काय?"

"थोडे दिवस प्यायलं म्हणून घाबरू नका. पण हेच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर मूत्रपिंडांना त्रास होतो. बाळाला आजपासूनच नको. डॉक्टरांकडून तपासून घेऊ."

"डॉक्टर तुमचा, तपासणी तुमची, कागदही तुमचा."

"मग कुणाची तपासणी चालेल तुम्हाला?"

असं कुणी विचारेल हे ताईला वाटलं नव्हतं. ती हंड्यावरून उठली आणि म्हणाली, "बाटल्या मी भरणार. शहरात मी नेणार. कुठे ते मी ठरवणार."

मॅडम हो म्हणाल्या. निकाल येईपर्यंत नळाला कुलूप लावलं आणि चावी ताईच्याच हातात दिली. फोरमनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

वस्तीला टँकर सुरू झाला. ताई टँकरला शिवेना. मग बूच रोज कामाआधी चढावरच्या विहिरीचं पाणी सायकलवर कॅन बांधून आणायला लागला. पहिला कॅन ताईनं त्याच्यादेखत झाडांना घातला. पुढचा कॅन मुलीनं मागच्या दारानं आत घेतला. ताईला दिसलं, पण ती भिंतीकडे तोंड करून धान्य निवडत राहिली. भावाशी मात्र बोलली नाही.

शहरात तिला मीच नेलं. मांडीवर दोन बाटल्या, एक नळाची, एक विहिरीची. दोन्हींच्या मानेला वेगवेगळ्या रंगाचे दोरे. कुठला कशाचा, हे तिनं मलाही सांगितलं नाही. वाटेत एकदम म्हणाली, "ड्रायव्हर, तुम्ही पीत होतात का हो ते पाणी?"

"प्यायलो ना, ताई. आम्ही सगळेच प्यायलो."

"आणि आमचा तो?"

"तो तर छावणीतल्या त्याच्या खोलीवरही कॅन भरून न्यायचा."

ती खिडकीबाहेर बघत पुटपुटली, "गाढव."

निकाल आणायलाही मीच गाडी नेली. खिडकीवरच्या माणसाकडून तिनं तो दोनदा वाचून घेतला. लाल दोऱ्याची बाटली खराब, पांढऱ्याची चांगली. लाल दोरा नळाचा होता. बाळाच्या तपासणीत काही निघालं नव्हतं, तिनंच निवडलेल्या डॉक्टरनं तसं सांगितलं. परत येताना ती डोळे पुसत होती. मी गाडी जरा सावकाश चालवली.

वस्तीत उतरल्यावर ती सरळ मॅडमकडे गेली. "यापुढे अहवालाआधी कुठे नळ नको. आणि आमच्यापैकी कुणी समोर असल्याशिवाय एकही बोअर बुजवायचा नाही. कबूल?"

"कबूल," मॅडम म्हणाल्या. "विहिरीवर पंप बसवून पाइप वस्तीपर्यंत आणतोय. त्या कामावरही कुणाला तरी उभं करा."

मग चावी बूचच्या हातावर ठेवत ताई म्हणाली, "घे. पण मी इथेच बसणार."

ती खरंच बसली, आणि प्रश्न विचारून विचारून तिनं त्याला भंडावून सोडलं. "वरून का ओतत नाहीस? सोपं नाही का पडणार?" "हे सुकल्यावर खाली बसलं तर?" "पावसाळ्यात काय होईल?" बूच उत्तरं देत होता. इतकं बोलताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. सिमेंट तोंडाशी आलं तेव्हा ताईनं काठीनं टोचून बघितलं.

"उद्या परत बघ हे."

"बघतोच गं मी."

"मग मीही येते."

माती पसरून झाली. आम्ही सामान गाडीत भरत होतो. बूच कुंपणाशी उगाच घुटमळत होता, पाइपला गुंडाळलेली दोरी सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. ताई दारात आली.

"बाहेर काय उभा राहिलायस पाहुण्यासारखा? बाळ जागं झालंय. ये, घे त्याला."

"कामाच्या कपड्यांनी नको, ताई. अंगावर सगळी खणलेली माती आहे. धुऊन येतो."

"मग ये लवकर. ते काय तुझ्यासाठी जागं राहणार आहे?"

तो माझ्या गाडीची वाटही न बघता छावणीकडे पळत सुटला. त्या वयात, बूट सिमेंटनं जड झालेले असताना.