चिकटवलेलं पान

दुपारचं जेवण अंगावर आलंय. ऋजुता पलंगावर आडवी झालीय आणि छातीवर लेकीचं, चार्वीचं, हृदयावरचं पुस्तक उपडं पडलंय. डोळे मिटतायत, पण डोक्यातली भुणभुण थांबत नाही. एकवीस नंबरच्या पानानंतर एकदम चोवीस येतं, हे तिला आज सकाळी धूळ झटकताना कळलं. मधली दोन पानं एकमेकांना चिकटलेली आहेत. ओल लागून चिकटावीत तशी नाहीत, अगदी कडेपासून कडेपर्यंत, सुरकुतीसुद्धा न पडता. असं नीटनेटकं काम या घरात एकच बाई करायची, आणि ती बाई जाऊन दीड महिना झालाय.

ती बाई म्हणजे तिच्या सासूबाई, प्रमिलाबाई. जन्मभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलेल्या. चार्वीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरलं, तेव्हा सगळं गणगोत ऋजुतावर तुटून पडलं होतं. पोर धड ना इकडची होईल ना तिकडची, म्हणाले. सासूबाई तेवढ्या पाठीशी उभ्या राहिल्या. अट मात्र घातली. "रोज दुपारी पुस्तक मोठ्यानं वाचायचं. आणि छापलंय ते सगळं वाचायचं. सोपं करून सांग, पण गाळायचं नाही. मुलांशी खोटं बोलायचं नाही." ऋजुतानं ती अट शपथेसारखी पाळली. साप बेडकाला गिळतो तेही वाचलं, तारे विझतात तेही वाचलं. हृदयाचं पुस्तक आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हे मी वाचते, तू जरा पाठ टेक." तिला तेव्हा किती बरं वाटलं होतं!

मग एका सकाळी सासूबाई उठल्याच नाहीत. सात वर्षांची चार्वी रडलीसुद्धा नाही. "हृदय कधी दमत नाही, कधी थांबत नाही. आजीनं वाचलंय. ती उठेल." ऋजुतानं खरं काय ते सांगितलं, तर पोरीनं तिलाच खोटारडी ठरवलं. तेव्हापासून चार्वी आईकडून एक ओळ वाचून घेत नाही. रोज संध्याकाळी दारातल्या आजीच्या चपला जागच्या हलल्यात का, ते बघून येते.

पंखा गरगरतोय. त्याचा आवाज हळूहळू बर्नरच्या सूंऽऽ आवाजासारखा होत जातो. ऋजुता पाणी प्यायला स्वयंपाकघरात येते, तर ओटा संपतो तिथून लांबलचक काळं टेबल सुरू होतंय. त्यावर परीक्षानळ्या, काचेच्या बरणीत बेडूक. सासूबाई पदर खोचून उभ्या आहेत आणि बर्नरवर पातेल्यात मैद्याची खळ शिजवतायत.

"आलीस? ढवळ जरा. गुठळ्या होतील," त्या म्हणतात.

"आई, ते पान तुम्ही चिकटवलंत?"

"मग काय उंदरांनी?"

टेबलाभोवती उंच स्टुलं आहेत आणि प्रत्येक स्टुलावर चार्वी बसलीय. सासूबाई चमचा खाली ठेवतात, पुस्तक उघडतात आणि वर्गातल्या त्या खणखणीत आवाजात वाचतात, "हृदय कधी दमत नाही. कधी थांबत नाही." सगळ्या चार्व्या माना डोलावतात.

"हे पुस्तकात नाहीये," ऋजुताला ओरडायचं असतं. पण तोंडातून निघतो तो वाचनाचा सूर, एकेक शब्द सुटा, लहान मुलाला कळेल असा. कुणी तिच्याकडे बघतही नाही. ती रागानं एक स्टूल ओढते आणि बसते, तर ती डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीतली प्लास्टिकची खुर्ची निघते. शेजारच्या खुर्चीत सासूबाई. अंगावर भिशीला नेसायची मोतिया साडी.

"तुम्ही तर ही नेसून भिशीला गेला होतात," ऋजुता म्हणते.

"त्या दिवशी भिशी नव्हती."

"इडल्या दगडासारख्या होत्या म्हणालात!"

"तू विचारतेसच ना काय खाल्लं म्हणून. काहीतरी सांगायला नको?" सासूबाई छातीवर हात ठेवतात. "झडप पार अरुंद झालीय म्हणाले. ऑपरेशन झेपायचं नाही या वयात."

गावभर जिच्या जिवावर आपण भांडलो, तीच बाई घरात बसून आपल्या डोळ्यात धूळ फेकत होती. "मला का नाही सांगितलंत?"

"तू तिला सांगितलं असतंस."

"तुमचाच नियम होता!"

"माझाच होता. म्हणूनच तर." सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळतात. "रोज दुपारी ती माझ्या मांडीवर बसायची गं. कळलं असतं तर गोष्ट ऐकली नसती तिनं. माझ्या छातीला कान लावून बसली असती, कधी थांबतंय म्हणून."

"आणि आता तुमच्या चपलांवर लक्ष ठेवून बसते. मला खोटं ठरवून. तिला मी काय सांगू?"

वर्गात उत्तर आलं नाही की त्या जे म्हणायच्या तेच म्हणतात. "उद्या बघून सांगते."

"तुम्हाला उद्या नाहीये, आई."

आतून कुणीतरी त्यांचं नाव पुकारतं. त्या उठतात, दाराशी चपला काढतात, आणि वळून मास्तरणीच्या आवाजात बजावतात, "ओढू नकोस. कडेनं नखानं सोडव. खळ आहे, डिंक नाही."

"म्हणजे सुटावं असंच चिकटवलंत? आई, उत्तर द्या ना!"

दार लागतं. चपला बाहेरच राहतात.

ऋजुता जागी होते तेव्हा पंखा फिरतोय आणि चार्वी पलंगाशी उभी आहे. पुस्तक उताणं झालंय. बावीस आणि तेवीस ही पानं एकमेकांपासून सुटलीत, कुठेही न फाटता. ऋजुता स्वतःचा अंगठा बघते. नखाखाली वाळलेल्या खळीचा पांढरा पापुद्रा अडकलाय.

"काय आहे तिथे?" चार्वी विचारते.

ऋजुता छापलेलं सगळं वाचते. "एक दिवस हृदय थांबतं. कुणाचं म्हातारपणी, कुणाचं आजारानं. मग ते पुन्हा सुरू होत नाही."

"आजीनं हे नाही वाचलं."

"नाही वाचलं."

"तिला माहीत नव्हतं?"

"होतं."

चार्वी पानावर बोट फिरवते. बोटाला खरखरीत लागतं. "मग आजीनं मला फसवलं."

तुझ्या भल्यासाठीच गं, असं काहीसं ऋजुताच्या ओठांवर येतं. तसलं बोलायला तिची जीभ रेटत नाही.

"हो," ती म्हणते. "मलाही फसवलं."

चार्वी पलंगावर चढते. आईच्या छातीला कान लावते आणि ऐकत राहते. ऋजुता तिला बाजूला करत नाही. ऐकता ऐकता पोर आजीसाठी पहिल्यांदाच हमसून हमसून रडायला लागते.