दिवाळीच्या मॅचचा पिचर

चांदूर रेल्वेच्या फलाटावर माझा थोरला भाऊ विलासदादा माझ्याशी एक शब्द बोलत नव्हता. माझी पेटी त्यानं खांद्यावरून आणली, डब्यात चढून सीटखाली ढकलली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. गाडी हलली तेव्हा कुठे तोंड उघडलं. "तिथल्या कॅचरले सांगजो, तुहा बॉल शेवटी खाली पडते म्हून. नाहीतर थोबाड फोडून घेईन लेकाचा."

मी हसलो. पुढच्या स्टेशनपर्यंत हसू टिकलं नाही. माझा चेंडू शेवटच्या क्षणी खाली पडतो हे या जगात ज्याला न सांगता कळायचं तो फलाटावर राहिला होता, आणि मी रायपूरला निघालो होतो. माय स्टेशनवर आलीच नाही. ती दारातूनच म्हणाली होती, "जाय आता. मागं पाहत बसशीन तं गाडी चुकन."

आमच्या गावात क्रिकेट सगळेच खेळायचे, पण शाळेतल्या पीटीच्या सरांना बेसबॉलचं वेड. त्या वेडापायी आमच्या गल्लीतली निम्मी पोरं बेसबॉलकडे वळली. दादा कॅचर झाला, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. मी पिचर, म्हणजे त्याच्याकडे चेंडू फेकणारा. आमचं रोजचं बोलणं म्हणाल तर तेवढंच. बाबा गेल्यावर दादानं चक्की सांभाळली. दिवसभर पीठ दळून पांढऱ्या भुवया घेऊन तो संध्याकाळी मैदानावर यायचा आणि म्हणायचा, "टाक."

रायपूरला लागून उरला नावाचा कारखान्यांचा भाग आहे. लोखंड वितळवायचं, लाटायचं, ट्रकमध्ये भरायचं, आणि उरलेली धूळ आम्ही खायची. तिथल्या एका रोलिंग मिलच्या मालकाला बेसबॉलचा नाद होता. त्याला स्वतःची टीम हवी होती. सरांच्या ओळखीनं निरोप आला की पिचर पाहिजे, स्टोअरमध्ये नोकरी देऊ, कॅचर आमच्याकडे आहे. शेवटचं वाक्य दादानं वाचलं आणि चिठ्ठी घडी करून माझ्या खिशात ठेवली. "जाय," एवढंच म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. कळूनही मी गेलो.

सकाळी नट-बोल्ट, बेअरिंग मोजून द्यायचे आणि दुपारनंतर मैदानात जायचं. जवळच्याच बीरगावात खोली घेतली. भाषेचा असा काला झाला की महिन्याभरात मी हो म्हणायच्या जागी 'हव' म्हणू लागलो, गल्लीला 'पारा' म्हणू लागलो आणि भाजीवालीला 'दीदी'. रायपुरात मराठी माणसं पुष्कळ, त्यातली बरीच विदर्भातलीच. पण त्यांचीही पोरं मराठी ऐकून हिंदीत उत्तर देतात. आता माझी पोरगी तेच करते, आणि मी तिला रागवायला जातो तेही हिंदीत.

टीममध्ये कॅचर दोन होते आणि पिचर मी एकटा. दुर्ग असो, बिलासपूर असो, सकाळची मॅच असो की दुपारची, फेकायला मीच. मालक पाठीवर थाप मारून म्हणायचे, "अपना तो एक ही इंजन है भैया." इंजिनाला बरं वाटायचं. चौथ्या वर्षी खांदा ठणकायला लागला. मी कोणाला बोललो नाही, कारण नोकरी पिचरची होती, स्टोअरची नव्हती. घरमालकीण छत्तीसगढी म्हातारी होती, तिला सगळे दाई म्हणत. ती टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, कोमट करून माझ्या खांद्याला चोळायची. विचारायची, "हाथ पिरावत हे का बेटा?" मी म्हणायचो, "हव दाई." हात दुखतो हे मी पहिल्यांदा कबूल केलं ते असं, तिच्या भाषेत. आपल्या भाषेत सांगायची हिंमत नव्हती.

सहाव्या वर्षी एका मॅचमध्ये चेंडू हातातून सुटला आणि हात मागेच राहिला. तसं वाटलं तरी. डॉक्टर झाले, शेक झाले, पट्टा झाला. कोपर छातीपर्यंत येतं, त्याच्यावर जात नाही. पुढे मालकाचाही नाद ओसरला आणि टीम बंद पडली. माणूस भला, मला स्टोअरमध्ये राहू दिलं.

काउंटरवर बसून मी मोबाइलवर अमेरिकेतल्या जुन्या पिचरांबद्दल वाचायचो. एकोणिसाव्या शतकात तिथे क्लब पगार देऊन खेळाडू ठेवायला लागले, तेव्हा पिचर असेच एकटेदुकटे असायचे. आज पूर्ण मॅच फेकायची आणि उद्या-परवा पुन्हा उभं राहायचं. आज या गावाच्या क्लबात, पुढच्या वर्षी त्या. तिशी गाठेपर्यंत कित्येकांचे हात गेले. मग कोणी गुत्ता टाकला, कोणी मिळेल त्या कामाला लागला. त्यांच्या धावा, विकेटीसारखं जे काही असतं ते सगळं लिहून ठेवलंय. हात गेल्यावर घरी काय तोंडानं गेले, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. मला तेवढंच वाचायचं होतं.

कारण आमच्याकडे भाऊबीजेच्या सकाळी मॅच असायची. गावात असलेले आणि गाव सोडून गेलेले सगळे जुने पोट्टे त्या दिवशी शाळेच्या मैदानावर जमत. बायका ताटं घेऊन ओवाळायला खोळंबायच्या आणि आम्ही धुळीनं माखून दुपारी उगवायचो. पिचर मी आणि कॅचर दादा, हे कोणी ठरवायची गरज नव्हती. हात गेल्यावरच्या पहिल्या दिवाळीला दादाचा फोन आला, "मॅच हाय. कवा येतं?" मी म्हणालो, "दादा, भट्टी बंद होत नाही. सुट्टी नाही."

धादांत खोटं. दिवाळीला भट्टी बंद असते. बिहारचे, ओडिशाचे कामगार गावी जातात, बीरगाव रिकामं होतं, रस्त्यावर ट्रक दिसत नाही. त्या रिकाम्या पाऱ्यात मी, माझी बायको माधुरी आणि पोरगी. फटाके ऐकत बसायचो. असं एक वर्ष नाही, दहा वर्षं केलं. उन्हाळ्यात लग्नाकार्याला एक दिवस जायचो, पिशवी डाव्या खांद्याला अडकवायचो, शाळेच्या रस्त्याला फिरकायचो नाही. जुन्या पोट्ट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही निघालो. माय फोनवर म्हणायची, "काय रे बाप्पा, तुह्या भट्टीले दिवाळीबी नाही का?" फोन ठेवला की मी फराळाचं ताट बाजूला सरकवायचो. मला घर हवं होतं हो. चक्कीची घरघर, दादाच्या भुवया, मायच्या हातचं सगळं. फक्त मैदानावर उभं राहून "मला फेकता येत नाही" म्हणायचं नव्हतं. ज्यासाठी दादाला मागे टाकून आलो, तेच गमावून बसलो होतो.

मागच्या दिवाळीच्या आधी दादाचा फोन आला तेव्हा मी आंघोळीला होतो. माधुरीनं उचलला. तो नेहमीप्रमाणे म्हणाला असेल, "पाठव त्याले, पिचर नाही आमच्याकडं." दहा वर्षं माझ्यासाठी खोटं बोलणारी बाई त्या दिवशी थकली. मी बाहेर आलो तेव्हा ती म्हणत होती, "दादा, ह्यांचा हात उठतच नाही ना. शर्ट पण मीच घालून देते." मला पाहून तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, "बस झालं आता."

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. दादाचा फोन आला नाही. आला तो दादाच. भाऊबीजेच्या सकाळी दारात उभा. केस पांढरे झालेले, आणि ते पीठ नव्हतं. पिशवीतून त्यानं जुना ग्लोव्ह काढला.

"चाल."

"दादा, माधुरीनं सांगितलं ना तुला?"

"सांगतलं. मले पाहाचं हाय."

पाऱ्यामागच्या मोकळ्या जागेत तो पावलं मोजत गेला आणि गुडघे कुरकुरत उकिडवा बसला. मी फेकला. चेंडू निम्म्या वाटेतही गेला नाही, गवतात पडला. दादा उठला, चेंडू उचलला, शर्टाला पुसला आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"काहून सांगतलं नाही बे?"

"मॅचला आलो असतो तर सगळ्यांसमोर..."

"कोणती मॅच?" तो म्हणाला. "चार वर्स झाले मॅच बंद पडून. कोण हाय खेळाले? कोणी पुण्याले गेला, कोणी सुरतेले. नऊ पोट्टे जमत नाही गावात."

मी विचारलं, "मग दर दिवाळीला फोन कशाला करायचास, मॅच आहे म्हणून?"

दादानं चेंडू पुन्हा शर्टाला पुसला. "मले वाटलं, मॅच हाय म्हटलं म्हंजे येशीन."

आम्ही दोघंही हसायला लागलो, आणि मध्येच त्याचं हसणं थांबलं. त्यानं माझा उजवा खांदा चाचपला, पोतं भरलंय का पाहावं तसा, आणि तोंड फिरवलं. दहा वर्षं तो मला पिचर म्हणून बोलवत होता आणि त्याच नावाला मी घाबरत होतो. आम्हा सोडून गेलेल्यांचं असंच होतं. आपण काहीतरी होऊनच परत जायला पाहिजे, असं आपणच ठरवतो. तुम्ही मागे राहिलेलेही कमी नाही. नुसतं "ये" म्हणायला तुम्हाला लाज वाटते, म्हणून कारणं शोधता.

माधुरीचा भाऊ रायपुरातच पंडरीत राहतो, तिची भाऊबीज व्हायची होती. ती म्हणाली, "तुम्ही निघा, आम्ही उद्या येतो." दुपारच्या गाडीनं आम्ही दोघं भाऊ निघालो. डोंगरगढ गेलं, गोंदिया गेलं, दादा खिडकीशी बसून झोपला. मी मायला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो.

पोहोचलो तेव्हा घरोघरी जेवणं चालली होती. मायनं ताटं वाढलीच होती. मी उंबऱ्यातच सुरुवात केली, "माय, माझा हात... तो वर जात नाही. दहा वर्षं झाली. मी आता पिचर नाही." एवढ्या वर्षांचं ओझं मी त्या चार वाक्यांत तिच्यासमोर टाकलं आणि वाट पाहत उभा राहिलो.

मायनं भाताची मूद मोडली, त्यावर वरण घातलं.

"वर नाही जात तं नाही जात," ती म्हणाली. "तोंडापरंत येते ना? बस जेवाले."

येत होता. मी बसलो.